भवानी पेठेतील जुन्या गाड्यांचे गॅरेज : मॉरिस मायनरचे अडकलेले ब्रेक ड्रम आणि चाकांची बेअरिंगे

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या अलीकडच्या एका गल्लीत असलेल्या या गॅरेजमध्ये आमच्या १९५५ सालच्या मॉरिस मायनरची चारही चाके खोलून, अडकलेले ब्रेक ड्रम मोकळे करून, बेअरिंगे बदलून आणि सगळी ब्रेक यंत्रणा नव्याने जुळवून घेतली. काम पूर्ण होऊन आता दोन महिने झाले आहेत. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना पुण्यात मिस्त्री मिळत नाही असे नाही. परंतु ज्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही अशा वस्तूवर हात टाकताना थांबून विचार करणारा मिस्त्री फार थोड्या ठिकाणी भेटतो. तो येथे भेटला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. एक चूक त्यांच्याकडूनही झाली, तीही पुढे लिहिली आहे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि तिची रचना ॲलेक इसिगोनिस यांची, ज्यांनी पुढे मिनी ही गाडी घडवली. आमच्याकडील गाडी ८०३ सी.सी. इंजिनाची, पुढची काच मधोमध दोन तुकड्यांत विभागलेली आणि वळताना दारामागच्या खांबातून लहानसा हात बाहेर काढून दिशा दाखवणारी आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून लायनर लावलेले शू दाबले जातात आणि चाक थांबते. काटेकोरपणे पाहिले तर ‘व्हिंटेज’ हा शब्द १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांसाठी वापरला जातो, पण आपल्याकडे पन्नास वर्षांपुढील प्रत्येक गाडीला लोक व्हिंटेजच म्हणतात आणि २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमातही पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांनाच हे नाव दिले आहे. त्यामुळे मीही शब्दाचा आग्रह सोडला आहे.

सासरे गेल्यानंतर गाडी सहकारनगरच्या बंगल्यात पत्र्याच्या शेडखाली नऊ वर्षे उभी राहिली. शेवटची उभी करताना कोणीतरी हँडब्रेक ओढून ठेवला होता, आणि नऊ पावसाळे तो तसाच राहिला. ड्रम हा ओतीव लोखंडाचा असतो. हवेतील दमटपणाने त्याच्या आतील पृष्ठभागावर गंज चढतो, लायनर त्याच गंजाला चिकटून बसते आणि ड्रम ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसलेला असतो तेथेही गंजाचा थर पाचरीसारखा घट्ट होत जातो. शू ढकलणाऱ्या ब्रेकच्या सिलिंडरमधील पिस्टनही जागच्या जागी धरतात. आमच्या गाडीत हे सारे एकत्र झाले होते. मागची दोन्ही चाके आणि पुढचे डावे चाक तसूभरही हलत नव्हते. पुढचे उजवे चाक फिरत होते, पण हाताने धरून हलवले की खडखडत होते.

येथे येण्यापूर्वी एका दुसऱ्या गॅरेजचा अनुभव आम्ही घेतला होता, आणि तो लिहिणे आवश्यक आहे, कारण या गॅरेजने निम्मे कष्ट त्या कामाची भरपाई करण्यात घातले. गाडी उभी राहण्याच्या आदल्या वर्षी सासऱ्यांनी पुढच्या चाकांचा घूं घूं आवाज येतो म्हणून ती तेथे दिली होती. त्यानंतर मी स्वतः गेल्या वर्षी त्याच ठिकाणच्या माणसाला घरी बोलावले. त्याने चाक काढले, ड्रमवर वरवर तेल मारले आणि दहा मिनिटांत मोठ्या हातोडीने ड्रमच्या कडेवर घाव घालायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या घावाला मागच्या डाव्या ड्रमच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. तेव्हा मी काम थांबवले. ओतीव लोखंड वाकत नाही, ते फुटते, हे शाळेत शिकलेले त्या क्षणी आठवले, आणि आधी का आठवले नाही याचे वाईट वाटत राहिले.

भवानी पेठेतील मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “काका, अजून कोणी ठोकलंय का त्याला?” मी टवक्याची हकिकत सांगितल्यावर ते म्हणाले, “आता कोणालाच हात लावू देऊ नका. मी पोरांना पाठवतो.” दुसऱ्या दिवशी दोन मुले आली. त्यांनी चाके उतरवून प्रत्येक ड्रमच्या मध्याभोवती, म्हणजे ड्रम आणि हब जेथे मिळतात त्या बारीक फटीत, गंज सोडवणारे पातळ तेल टाकले, स्क्रूच्या डोक्यांवर टाकले आणि चाके परत बसवून निघून गेली. असे पाच दिवसांत तीन वेळा झाले. सहाव्या दिवशी मिस्त्री स्वतः आले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून मागेपुढे हलके हेलकावे दिले आणि काडकन आवाज होऊन मागचे उजवे चाक सुटले. थोड्या वेळाने पुढचे डावे. मागचे डावे चाक त्यांनी तसेच राहू दिले, त्याखाली छोट्या चाकांची पाटी सरकवली आणि गाडी रिकव्हरीच्या गाडीवर चढवून भवानी पेठेत नेली. या घरी येण्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

गॅरेज दिसायला साधे आहे. तीन गाड्या मावतील एवढी जागा, वर पत्रे, भिंतीला पान्यांच्या रांगा. मी गेलो तेव्हा एक फियाट अकराशे आणि एक जुनी जीप आत होती. मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक गाडीचे सुटे केलेले भाग वेगवेगळ्या ट्रेमध्ये, चाकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेले होते. आमच्या गाडीचे चार ट्रे होते आणि ‘पुढचे डावे’ या ट्रेमधील स्क्रू ‘पुढचे उजवे’मध्ये गेलेला मी एकदाही पाहिला नाही.

मागचा डावा ड्रम निघाला तेव्हा मी तेथे उभा होतो. मायनरचा ड्रम हबला दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी धरलेला असतो. खरा भार चाकाचे नट घेतात, स्क्रू फक्त ड्रम जागेवर ठेवतात. पण सत्तर वर्षांत ते इतके बसतात की साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची खाच चेपून जाते. मिस्त्रींनी डोक्यावर हातोडीचा ठोका मारला की टोक आपोआप थोडे फिरते तो इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला, खाचेत नीट बसेल असे टोक कानशीने घासून तयार केले आणि मगच ठोका दिला. त्यानंतर जे केले ते आधीच्या माणसाने केलेच नव्हते. ड्रमच्या तोंडावरील भोकातून स्क्रूड्रायव्हर आत घालून त्यांनी ब्रेक शूचा ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या किती जवळ राहावा हे ठरवणारा भाग, पूर्ण सैल केला. अनेक वर्षे वापरलेल्या ड्रमच्या आत शू जेथे घासतो तेथे खोलगट पट्टा पडतो आणि काठाशी कंगोरा उरतो; शू ताणलेले असतील तर ड्रम बाहेर ओढताना तो कंगोरा शूला अडतो. म्हणजे ड्रम हबवरून सुटला तरी आतून धरलेलाच राहतो, आणि बाहेरचा माणूस तो अजून गंजलेला समजून ठोकत बसतो. आमचा टवका उडाला तो याच अज्ञानामुळे.

ॲडजस्टर सैल झाल्यावर मिस्त्रींनी ब्लो टॉर्चने ड्रमच्या मधल्या भागाभोवती मंद आच फिरवली, लाल होण्याचा प्रश्नच नव्हता, हाताला सोसणार नाही इतपतच. आणि तांब्याच्या हातोडीने ड्रमच्या चपट्या तोंडावर, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या मधल्या जागांवर, एकेक हलका ठोका देत गोल फिरत राहिले. काठावर एकही ठोका नाही. ड्रम ओढून काढण्याचा पुलर तेथेच भिंतीला टांगलेला होता, तो का लावत नाही असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काठाला धरून ओढला तर काठच येईल हातात. मधून सुटला पाहिजे.” साधारण पाऊण तासाने ठोक्याचा आवाज बदलला. मला तो फरक कळला नाही, त्यांना कळला. त्यांनी दोन्ही तळहात ड्रमच्या बाजूंना लावले, डावीउजवीकडे किंचित झुलवले आणि ड्रम घसरून बाहेर आला.

आत साचलेल्या धुळीबाबत त्यांची शिस्त मला विशेष महत्त्वाची वाटते. त्या काळातील ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर गंभीर आजार होतो. आपल्याकडे ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवून देण्याची सर्रास पद्धत आहे. येथे ड्रम निघताच मुलाने साबणाचे पाणी फवारून सगळा भाग भिजवला, चिंध्यांनी पुसून त्या चिंध्या ओल्याच प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि नंतरच ब्रश लावला. दोघांच्याही तोंडाला मास्क होते. ज्या मुलांना या धंद्यात पुढची तीस वर्षे काढायची आहेत त्यांची एवढी काळजी घेणारे गॅरेज मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

टवका उडालेला ड्रम वापरायचा की टाकून द्यायचा, हा खरा पेच होता. मिस्त्रींनी तो ड्रम दोरीला टांगून लाकडी मुठीने वाजवला. आपण बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून बघतो, तसेच. चांगला ड्रम खणखणीत नाद देतो आणि नाद काही क्षण टिकतो. चीर असलेला बद्द वाजतो. आमचा खणखणला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी टवक्याच्या आसपास रॉकेल लावले, दहा मिनिटांनी कोरडे पुसून त्यावर खडूची पूड चोळली. बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. अर्धा तास वाट पाहिली, रेघ उमटली नाही. टवका बाहेरच्या कडेलाच होता, शू घासतो त्या पट्ट्यापर्यंत पोचला नव्हता. त्यांनी त्याच्या धारदार कडा कानशीने गोलसर केल्या, म्हणजे तेथून पुढे चीर धरणार नाही, आणि ड्रम लेथवर पाठवायला काढला.

लेथचे काम गॅरेजमध्ये होत नाही, नाना पेठेतील एका लेथवाल्याकडे होते. मात्र मिस्त्री स्वतः सोबत जातात. आमच्या गाडीचे ड्रम ७ इंची आहेत आणि चारही ड्रम थोड्याफार प्रमाणात लंबगोल झाले होते, म्हणून ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडत असे, हे सासरे सांगत ते मला आता उमगले. लेथवर ड्रम नुसता जबड्यात न धरता हबवर जसा बसतो तसा मध्य साधून बसवला, डायल गेज लावून फेर तपासला आणि कंगोरा जाऊन पृष्ठभाग एकसारखा होईल एवढाच कात घेतला. जास्त कातले तर ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तापून तोंडाशी फाकतो. एका ड्रममध्ये गंजाचे दोन बारीक खड्डे तसेच राहिले. ते घालवायला आणखी कातावे लागले असते. मिस्त्रींनी ते मला दाखवून, “हे राहू द्या, लायनरला काही करत नाहीत,” असे सांगितले आणि माझी संमती घेतली. लायनर मात्र त्यांनी नवी, ॲस्बेस्टॉस नसलेली बसवून घेतली, रिबिटांची डोकी लायनरच्या पातळीपेक्षा खोल आहेत ना हे आठही शूंवर बोट फिरवून पाहिले आणि शूचा घेर ड्रमच्या नव्या घेराशी जुळावा म्हणून ते घासून घेतले.

ब्रेकच्या सिलिंडरांची अवस्था सर्वांत वाईट होती. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आणि मागच्या प्रत्येकाला एक असे सहा व्हील सिलिंडर असतात. सहापैकी चारांचे पिस्टन घट्ट धरलेले होते. याचे कारण ब्रेक ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण नेहमीच्या डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारांत तेल नसतेच. तो ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि तो हवेतील पाणी शोषून घेतो. ते पाणी सिलिंडरच्या तळाशी लोखंड खाते. पाणी शोषल्याने उकळबिंदूही उतरतो : डॉट ४ नवे असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळते, ओलसर झाल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ड्रम तापले, आतले द्रव उकळून वाफ झाली, की पेडल थेट तळाला जाते. ‘ऑइल’ या नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. कोणी तरी साधे इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक तेल त्यात ओततो आणि रबरे फुगून सगळी यंत्रणा जाम होते. आमच्या गाडीत तसे काही झाले नव्हते, तरी मिस्त्रींनी जुन्या द्रवाचा थेंब पाण्यात टाकून तो मिसळतो की वर तरंगतो हे पाहून खात्री केली.

सिलिंडर फेकून न देता त्यांनी ते बोअर करून आत पितळी स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणले. पितळेला गंज धरत नाही, त्यामुळे पुढची अनेक वर्षे ही तक्रार येऊ नये. तिन्ही लवचीक पाइप नवे घातले, कारण जुने पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद होतात आणि मग पाय उचलल्यावरही दाब मागे परतत नाही, चाक धरलेलेच राहते. पेडलचा दाब चाकांच्या सिलिंडरांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याखाली असतो आणि ब्रेक ऑइल भरायचे झाकण सतरंजी उचलल्यावर सापडते. ते उघडण्याआधी मुलाने भोवतालची माती ओल्या फडक्याने दोनदा पुसली. कोणी पाहत नसतानाही त्याने पुसलेच असते, असे मला वाटले.

आता बेअरिंगांकडे येतो. पुढच्या उजव्या चाकाचा खडखडाट बेअरिंग झिजल्याने असेल असे मी धरून चाललो होतो. हब उघडल्यावर दिसले ते वेगळेच. मायनरच्या पुढच्या हबमध्ये आत एक आणि बाहेर एक अशी दोन बॉल बेअरिंगे असतात आणि त्यांच्यामध्ये नळीसारखा एक स्पेसर असतो. नट पूर्ण कसला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या आणि स्पेसर एकमेकांवर घट्ट दाबले जाऊन स्टब ॲक्सलवर, म्हणजे पुढचे चाक ज्या आखूड आसावर फिरते त्यावर, एकसंध बसतात. बेअरिंगात किती मोकळीक राहावी हे स्पेसरच्या लांबीने ठरलेले असते. पुष्कळ गाड्यांमध्ये पुढे टेपर रोलर बेअरिंगे असतात, आणि त्यांत नट आधी कसून मग थोडा मागे सोडायचा असतो, नाहीतर बेअरिंग तापून जळते. आधीच्या गॅरेजने रोजच्या सवयीने येथेही नट मागे सोडून पिन घातली होती. त्यामुळे आतली कडी ॲक्सलवर घट्ट न राहता त्यावर गरगर फिरत होती आणि तिने ॲक्सलचा पृष्ठभाग खरवडला होता. मिस्त्रींनी मला बोट लावून पाहायला सांगितले. नखाला बारीक वळी लागत होत्या.

स्टब ॲक्सल बदलायची वेळ आली असती तर गाडी आणखी वर्षभर उभी राहिली असती. सुदैवाने तेवढे झाले नाही. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून त्यांनी उठलेले कण तेवढे साफ केले, मायक्रोमीटरने तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी माप घेतले आणि नवे बेअरिंग हाताने सरकवून पाहिले. ते सैल पडले नाही, किंचित जोर लावल्यावर बसले. “चालेल. नट पूर्ण कसला की फिरणार नाही,” एवढेच ते म्हणाले. नवा नट, नवी पिन, आणि टॉर्क पान्याने कसून शेवटी पिनेचे भोक जुळेपर्यंत पुढेच नेला, मागे घेतला नाही.

जुनी बेअरिंगे काढताना पितळी बार वापरला, कडेच्या चारही बाजूंनी आळीपाळीने ठोके दिले, म्हणजे बेअरिंग हबमध्ये तिरके होऊन जागा खरवडत नाही. नवी बसवताना बाहेरच्या कडीलाच दाब बसेल अशा मापाचा जुना पाइप लावून प्रेसखाली दाबली; आतल्या कडीवर ठोकले तर तो धक्का गोळ्यांतून जातो आणि नव्याकोऱ्या बेअरिंगच्या वाटेवर खळगे पडतात. ग्रीस भरताना मात्र मशीन नव्हते. मुलाने तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घेतले आणि बेअरिंगची कडा त्यात दाबत राहिला, गोळ्यांच्या मधून ग्रीस पलीकडे वर येईपर्यंत, आणि मग थोडे फिरवून पुन्हा. एका बेअरिंगला त्याला सात-आठ मिनिटे लागली. हबमधली पोकळी त्यांनी पूर्ण भरली नाही, कारण गरम झालेल्या ग्रीसला फुगायला जागा लागते, नाहीतर ते सील ढकलून ब्रेकवर येते.

मागच्या हबमध्ये एकेकच बेअरिंग आहे आणि त्यामागे ऑइल सील. डाव्या बाजूचे सील फाटून डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचे, तेल शूवर आले होते, त्या बाजूचे लायनर काळे आणि चिकट झाले होते. सील बदलले, ॲक्सलच्या फ्लँजखालचे कागदी गॅस्केट नवे कापून घातले आणि डिफरन्शियलमधील तेलाची पातळीही तपासली; ती भरण्याच्या भोकापेक्षा वर होती, म्हणजे कोणी तरी जास्त तेल ओतले होते आणि ते मिळेल तेथून वाट काढत होते.

बेअरिंगे त्यांनी कोठून आणली हेही सांगतो, कारण पुष्कळजण जुन्या गाडीची बेअरिंगे इंग्लंडहूनच मागवावी लागतात असे समजतात. बेअरिंगच्या कडीवर नंबर कोरलेला असतो आणि तो नंबर वाचता आला तर बहुतेक काम भागते. पुण्यात राहून बेअरिंगसाठी हळहळण्याचे कारण नाही, एस.के.एफ.चा कारखानाच चिंचवडला आहे. प्रश्न असतो तो नकली मालाचा. मिस्त्री अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतात आणि बिल ग्राहकाच्या नावावर करून देतात. ऑइल सीलही माप घेऊन येथेच मिळाली. बाहेरून मागवावे लागले ते सिलिंडरचे रबर किट, आणि त्यानेच सगळा वेळ खाल्ला.

वेळेबाबत माझी तक्रार आहे. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. रबर किटचा उशीर त्यांच्या हातात नव्हता हे मान्य. पण मधल्या काळात त्यांनी स्वतःहून एकदाही फोन केला नाही, प्रत्येक वेळी मीच विचारायचो. कामाचा अंदाजही लेखी मिळत नाही, तोंडी मिळतो. शेवटचा आकडा तोंडी अंदाजाच्या जवळच निघाला, तरी एवढ्या नेटक्या हाताच्या माणसाने एका कागदावर चार ओळी लिहून द्यायला हरकत नसावी.

खर्च असा झाला : मजुरी १४,००० रुपये, सहा सिलिंडरांचे स्लीव्ह आणि रबरे ६,६००, लायनर २,४००, चार ड्रमचे लेथकाम १,४००, सहा बेअरिंगे ७,२००, सील १,२००, तीन पाइप २,७०० आणि ब्रेक ऑइल, ग्रीस वगैरे १,१००, एकूण ३६,६०० रुपये. मजुरी मला कमी वाटली. जुने काढलेले सगळे भाग, अगदी तुटलेल्या पिनांसह, त्यांनी पिशवीत भरून परत दिले.

आता चुकीविषयी. गाडी ताब्यात घेतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही खडकवासल्याला जाऊन आलो. परतताना वडगावच्या पुढे गाडी किंचित ओढ खात असल्यासारखी वाटली. घरी पोचल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली : तीन चाके कोमट, मागचे उजवे हात ठेववणार नाही इतके तापलेले आणि लायनरचा जळका वास. मी लगेच फोन केला. मिस्त्री संध्याकाळी स्वतः घरी आले, जॅक लावून चाक उचलले आणि पाच मिनिटांत कारण सापडले. या गाडीत हँडब्रेकपासून मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र केबल जाते. उजवीकडची केबल तिच्या वेष्टनात गंजून अडखळत होती. हँडब्रेक सोडला तरी ती पूर्ण मागे येत नव्हती आणि शू ड्रमला टेकलेलेच राहत होते. नऊ वर्षे हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या गाडीची केबल तपासायची राहून जावी ही मोठी चूक होती, आणि त्यांनी ती तशीच कबूल केली. दोन्ही केबल नव्या करून घातल्या, केबलचेच पैसे घेतले, मजुरी घेतली नाही, आणि उजव्या बाजूचा ड्रम पुन्हा काढून लायनर करपले नाही ना आणि बेअरिंगचे ग्रीस पातळ होऊन सुटले नाही ना, हे माझ्यासमोर पाहिले. तेव्हापासून गाडी घरी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी गुटके लावायचे, असे त्यांनी सांगितले आहे आणि आम्ही तसेच करतो.

त्यानंतर गाडी बरीच चालवली. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर, स्टिअरिंगवरची पकड हलकी ठेवून ब्रेक दाबला तर गाडी कोणत्याही बाजूला न ओढता सरळ थांबते. पेडल धडधडत नाही आणि अर्ध्याच्या खाली जात नाही. पुढच्या चाकांचा तो घूं घूं आवाज पूर्ण गेला आहे. माझ्या पत्नीला लहानपणापासून हा आवाज म्हणजेच वडिलांची गाडी असे वाटत होते, ती पहिल्या फेरीत दोनदा म्हणाली की काहीतरी चुकल्यासारखे वाटते आहे. ड्रम ब्रेक शेवटी ड्रम ब्रेकच आहेत, आजच्या गाडीसारखी पकड त्यांच्याकडून मागू नये. पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवून चालवतो. दिवे घाट अजून उतरलेलो नाही, लायनर पूर्ण बसल्यावर उतरणार आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आधी फोन करावा, कारण एका वेळी तीनच गाड्या ते घेतात आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. सोमवारी गॅरेज बंद असते. गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल असेल तर बरोबर न्यावे. मिस्त्री इंग्रजी वाचत नाहीत, पण आकृत्या फार बारकाईने पाहतात आणि मापे त्यांना सांगितलेली आवडतात. घाईत असलेल्या माणसाने, लग्नाच्या वरातीसाठी चार दिवसांत गाडी हवी असलेल्याने, येथे जाऊ नये.

नवी लायनर ड्रमवर बसली की शू पुन्हा जुळवावे लागतात, त्यासाठी त्यांनी ५०० किलोमीटरनंतर बोलावले आहे. आमचा मीटर मैलांत आहे, त्यावर साधारण ३१० होतील तेव्हा. आज १८५ झाले आहेत.